निरोपाचा विडा

गेल्या सोमवारची गोष्ट. सकाळी बिल्ड फुटलेलं, अकराला क्लायंटचा कॉल, आणि नेमका तेव्हाच टीममधला एक सांगलीकर मित्र माझ्या टेबलाला टेकून उभा राहिला. "काय, शनिवार-रविवार काय केलंस?" इथून सुरुवात. मग एसटीची गर्दी, मग आणलेलं भडंग, मग "बाबांना मिरजेला नेलं होतं दाखवायला..." मी आपला "हं", "हो का" करतोय, डोळे स्क्रीनवर, बोटं कीबोर्डवर. दोन मिनिटांनी तोच म्हणाला, "चल, तू कामात आहेस," आणि गेला. डब्याच्या वेळी दुसऱ्याकडून कळलं की त्याच्या वडिलांच्या अँजिओप्लास्टीची तारीख ठरलीय. तेच सांगायला आला होता बिचारा. माझ्या "हं"मुळे वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

कामाच्या वेळी गप्पा आवरत्या घ्याव्या लागतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ते काम आपण इतकं वाईट का करतो? मी मूळचा साताऱ्याचा, त्यामुळे डोकं आपोआप राजवाड्याकडे वळलं. कारण ज्यांच्याकडे दिवसभर माणसं येत-जात होती, त्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. विडा देऊन!

आपल्याला विडा माहीत असतो तो 'विडा उचलणे'वाला. दरबारात मोहिमेचा विडा ठेवायचा, ज्याच्यात हिंमत असेल त्याने उचलायचा. पण त्याच पानाचं दुसरं, रोजचं काम म्हणजे भेट संपवणं. बोलणी झाली की पान-सुपारी आणि अत्तर-गुलाब पुढे यायचं. पाहुण्याने ते घ्यायचं आणि उठायचं. 'आता तुम्ही जा' हे वाक्य कोणालाच उच्चारावं लागत नसे. जुन्या कागदांत 'निरोपाचे विडे दिले' असा उल्लेख येतो तो याचाच. मला यातली गंमत अशी वाटते की उठवणाराच काहीतरी देतो. पाहुणा रिकाम्या हाताने, चुळबुळ करत बाहेर पडत नाही. तोंड रंगवून, अत्तराचा वास घेऊन बाहेर पडतो, आणि बाहेर थांबलेल्यांना दिसतं की याचा मान राखला गेला.

हे इतकं पक्कं होतं की इंग्रजांनीही ते जसंच्या तसं उचललं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि शेजारी कंपनीचा माणूस म्हणून जेम्स ग्रँट डफ येऊन बसला (तोच, १८२६ चा मराठ्यांचा इतिहासवाला). महाराजांच्या हाती कारभार पूर्णपणे आला तो १८२२ मध्ये. त्यानंतरच्या काळात इंग्रजांनी संस्थानिकांच्या भेटीगाठींचे जे नियम बांधले, त्यात अत्तर-पान कोणी कोणाला द्यायचं हेही ठरलेलं असे. मोठ्या राजाला साहेब स्वतःच्या हाताने देणार, लहान सरदाराला साहेबाचा सेक्रेटरी. म्हणजे निरोप कसा मिळतो यावरून तुमची पायरी कळायची. प्रतापसिंहांना कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडलं, तिथेच १८४७ मध्ये ते वारले. त्यांना निघताना कोणी विडे दिले असतील असं काही वाटत नाही.

असो. दरबार म्हणजे समोरासमोरचं बोलणं. पण आपलं निम्मं बोलणं चॅटवर, लिहून. तिथे काय? तर तिथेही जुन्यांची सोय होती. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या हायस्कुलात शिक्षक. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली हजारो पत्रं निवडून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापली. ही पटवर्धन मंडळी म्हणजे मिरज-सांगलीचे सरदार. त्यांच्या पत्रांत फौजेच्या बातम्या, पैशांची ओढाताण आणि घरच्यांची खुशाली, सगळं एकत्र नांदतं. ऑफिसचं वेगळं, पर्सनल वेगळं असा प्रकार नाही. पण शेवट मात्र ठरलेला. 'बहुत काय लिहिणे' आलं की समजायचं, आवरतं घेतलंय. म्हणजे लिहायला पुष्कळ आहे, तुम्ही जाणतेच आहात, म्हणून थांबतो! बरोबरीच्याला 'लोभ असो द्यावा हे विनंती', हाताखालच्याला नुसतं 'जाणिजे'. आणि त्याखाली छोटा शिक्का, मोर्तब. शिवाजी महाराजांचा 'मर्यादेयं विराजते', पेशव्यांच्या पत्रांवर 'लेखनसीमा'. खाली कोणी आगाऊ ओळ घुसडू नये म्हणून ही खबरदारी. पण शब्द बघा ना! मर्यादा इथे शोभते आहे, असं चक्क शिक्क्यावर कोरलंय. थांबण्याची लाज नाही.

आता हे सगळं फार गोड वाटतं, पण एक भानगड आहे. विडा देणारा नेहमी वरचा. खालच्याने कितीही पाय दुखले तरी उभं राहायचं. फार तर 'आज्ञा असावी' म्हणायचं. आपल्या शब्दांतही ते उरलंय. 'रजा' म्हणजे मुळात संमती, आपण एचआरकडे टाकतो ती. 'रुखसत' म्हणजे जाण्याची परवानगी. 'निरोप' या शब्दाचाही जुना अर्थ आज्ञा, परवानगी असाच होता. ऑफिसात मी आणि तो मित्र एकाच ग्रेडचे. विडा कोणी द्यायचा?

बरोबरीच्या माणसांसाठी आमच्या सातारा-सांगलीकडे एकच हत्यार आहे, आणि ते निघणाऱ्याच्या हातात. "येऊ का मग?" 'जातो' म्हणायचं नाही, ते अशुभ. विचारायचं. समोरच्याने "बसा की, काय गडबड आहे" म्हणायचं, मग यानं उठायचं. दोघांनाही माहीत असतं की बसायचं नाहीये. पण पाहुणाच जेव्हा उठत नाही, तेव्हा यजमानाकडे पूर्वी पान होतं, मग चहा आला. चहा झाला की कप खाली ठेवत "बरं..." म्हणता येतं. स्क्रीनकडे बघत "हं" म्हणणं यात कुठेच बसत नाही. त्यात मी काहीच देत नाही, आणि थांबवतोय हे कबूलही करत नाही.

चार वाजता मी त्याच्याकडे गेलो. दोन कटिंग घेऊन. आधी "सकाळी चुकलं माझं" म्हटलं, त्यावर तो "हॅ, त्यात काय" म्हणाला. मग ब्लॉकेज किती, खर्च किती, इन्शुरन्स किती देणार, सगळं झालं. आईला एकटीला मिरजेत कसं जमेल, यावर बराच वेळ गेला. कप रिकामे झाले. मी तसाच बसून. शेवटी पावणेपाचला त्याने एकदा मॉनिटरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि स्वतःच्याच खुर्चीत बसून मला विचारलं, "बरं, येऊ का मग?"