निश्चय आणि निर्णय : लोणारच्या सरोवराचा दाखला

इंग्रजी भाषेंत 'टु मेक अप वन्स माइंड' हा अगदीं नित्याचा वाक्प्रचार आहे. मुलगा विलायतेस जावयाचें ठरवितो तेव्हांही तो चालतो, आणि एखादी गोष्ट खरी कीं खोटी याविषयीं मत कायम होतें तेव्हांही तोच चालतो. मराठीनें येथें निरनिराळे शब्द राखले आहेत. स्वतःच्या कृतीविषयीं मन पक्कें होतें तो निश्चय. अडचणींस न जुमानतां टिकतो तो निर्धार. सभेनें करावयाचा तो ठराव. वादी-प्रतिवादींमध्यें पंचांनीं करावयाचा तो निवाडा, आणि त्याचा कागद तें निवाडपत्र. संशय आला असतां दोन्ही पक्ष तोलून वस्तूचें स्वरूप ठरविणें, याचें नांव निर्णय. गौतमाच्या न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांत याच अर्थानें निर्णयाची गणना आहे. व तिथिव्रतांविषयींच्या मतभेदांचा विचार करणाऱ्या आपल्या ग्रंथास कमलाकरभट्टानें १६१२ सालीं 'निर्णयसिंधु' हेंच नांव दिलें.

निश्चय व निर्णय यांत किती अंतर पडूं शकतें, हें पाहण्यास बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारला जावें. तेथील खोलगट भागाचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर असून तळाशीं खाऱ्या पाण्याचें सरोवर आहे. विष्णूनें लवणासुराचा वध केला ती ही जागा, असा लोकांचा निश्चय. गांवांतील दैत्यसूदनाचें मंदिर त्याची साक्ष देतें. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली. पुढें भूशास्त्रज्ञ आले. सभोंवार सर्वत्र ज्वालामुखीचा काळा पाषाण. तेव्हां हा खळगाही ज्वालामुखीचाच, असा त्यांचाही निश्चय झाला. तो अडाणीपणाचा नव्हता, परंतु प्रतिपक्षाची सुनावणी अद्याप झाली नव्हती.

अमेरिकेंतील गिल्बर्ट यानें १८९६ सालीं अॅरिझोनांतील विवराशीं लोणारचें साम्य दाखविलें. त्याच्या निबंधाचा विषय तर्क कसे उपजतात हाच होता. पण अॅरिझोनाचें विवर वाफेच्या स्फोटानें झालें असें त्याचें मत पडलें. पुढें तें उल्कापाताचें ठरलें. म्हणजे जी किल्ली हातीं आली होती, तिनेंच तेव्हां कुलूप लागलें! १९७३ सालीं फ्रेड्रिक्सन व त्याच्या सहकाऱ्यांनीं लोणारच्या तळाशीं छिद्रें घेऊन काढलेल्या दगडांचें परीक्षण प्रसिद्ध केलें. त्यांत मॅस्केलिनाइट सांपडलें. फेल्डस्पार खनिजाची ही काच प्रचंड आघाताच्या दाबानें होते. ज्वालामुखीच्या नुसत्या उष्णतेनें होत नाहीं. उल्कापाताचा निर्णय लागला तो असा.

तरी काळाचा प्रश्न उरलाच. पूर्वींच्या एका मापनानें विवराचें वय सुमारें ५०,००० वर्षे येत होतें. २०११ सालीं आर्गॉन वायूच्या मापनावरून तें सुमारें ५,७०,००० वर्षे ठरलें. एका अंगाचा निर्णय झाला म्हणून दुसऱ्या अंगाचा संशय मिटत नाहीं.

आज आमच्या घरांत सर्वच निर्णय 'घेतले' जातात. लग्नाचे, नोकरीचे, भाजीचेसुद्धां. इंग्रजीशीं आमचें वैर नाहीं. तिच्याच वाङ्मयावर आमचें पोषण झालें. परंतु हे शब्द एकमेकांत मिसळले, तर आपलें मन ठरलें कीं वस्तु ठरली, हें स्वतःस विचारण्याचें साधनच आपण गमावूं. निश्चय एका रात्रींत होतो. लोणारच्या निर्णयास दीडशें वर्षे लागलीं, आणि तेवढा वेळ ज्यांनीं संशय जागा ठेविला त्यांचें ऋण आम्ही मानतों.