गाथासप्तशती आणि रोमक प्रेमकाव्य : पाठपरंपरेच्या दृष्टीनें एक विचार

प्रीति व जीवित यांविषयीं प्राचीन रोमक कवींचीं वचनें वाचतांना महाराष्ट्रीय वाचकास हालाच्या गाथासप्तशतीची आठवण होणें स्वाभाविक आहे. ईसवी सनाच्या पहिल्या शतकांत पैठण व तगर (तेर) येथील माल भडोच बंदरीं उतरत असे, हें 'पेरिप्लस' ग्रंथावरून कळतें. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडांत समुद्रदेवाची कांस्यमूर्तीही सांपडली आहे. परंतु एवढ्यावरून काव्याचाही विनिमय झाला असें अनुमान करणें निराधार होय.

साम्य आहे तें मानवी स्वभावाचें. उद्यांचा भरंवसा नाहीं, आजचा दिवस पदरीं पाडून घ्यावा, हा होरेसचा उपदेश. गाथांतही सरत्या यौवनाची खंत आढळते. भेद मात्र अधिक बोधप्रद आहे. कॅटलस स्वतःच्या नांवानें बोलतो, प्रेयसीस 'लेस्बिया' म्हणतो आणि एकाच हृदयांतील प्रेम व द्वेष उघड करितो. ऑविड नगरवासीयांकरितां प्रीतीचें शास्त्रच तीन भागांत रचितो. गाथेंत बोलणारी व्यक्ति बहुधा अनामिक, शेतकऱ्याची सून किंवा प्रवाशाची पत्नी असते, आणि तिच्या शब्दांपेक्षां तिनें न बोललेलें अधिक महत्त्वाचें ठरतें. म्हणूनच आनंदवर्धन व मम्मट यांनीं ध्वनीचीं उदाहरणें ह्या गाथांतून घेतलीं. कोण कोणास म्हणतें, हें टीकाकारानें सांगितल्यावांचून पुष्कळदां अर्थनिश्चय होत नाहीं.

येथेंच पोथ्यांचा प्रश्न येतो. कॅटलसची जवळजवळ सर्व कविता व्हेरोना येथें इ. स. १३०० च्या सुमारास उजेडांत आलेल्या एकाच हस्तलिखितामुळें वांचली. तेंही पुढें नष्ट झालें व नकला तेवढ्या राहिल्या. हालाची स्थिति उलट आहे. पोथ्या अनेक, पण मेळ थोडा. वेबरनें १८७० सालीं कांहीं भाग व १८८१ सालीं समग्र संग्रह प्रसिद्ध केला. निर्णयसागरची गंगाधरभट्टाच्या टीकेसह आवृत्ति १८८९ ची. सर्व परंपरांत समान अशा गाथा सुमारें ४३० च भरतात.

बाणानें हर्षचरितांत सातवाहनाच्या 'कोशा'चा निर्देश केला आहे, 'सप्तशती'चा नव्हे. टीकाकारांनीं दिलेल्या कविनामांत सर्वसेन व प्रवरसेन येतात. पैकीं सर्वसेन हा वत्सगुल्माचा वाकाटक राजा, हें १९३९ सालीं मिळालेल्या वाशीम ताम्रपटानें स्पष्ट झालें. ह्यावरून मूळ संग्रह 'गाथाकोश' असून त्यांत उत्तरकालीं भर पडत गेली, असें वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. तें आम्हांस ग्राह्य वाटतें. म्हणजे ज्यास आपण सातवाहनकालीन शहाणपण म्हणतों, त्यांतील कांहीं अंश विदर्भांतील वाकाटकांच्या काळचा असूं शकेल.

यास्तव संग्राहकांस विनंति ही कीं, प्राकृत पोथीचें सुटें पान हातीं आल्यास मूळ गाथेइतकेंच समासांतील कविनाम, वक्त्याचा निर्देश व पुष्पिका जपावी. रोमक कवीनें आपलें नांव स्वतः कवितेंत गोंवून ठेविलें. आमच्या कवीचें नांव बहुधा लेखकाच्या त्या बारीक अक्षरावरच अवलंबून आहे.

वडनेर, जि. वर्धा