‘जातीचं काही नाही, जमिनीचा वाद आहे’ : खैरलांजी खटला काय शिकवतो?

डहाणू, चिंचणी, तलासरी या पट्ट्यात काम करताना एक वाक्य आम्हाला वारंवार ऐकायला मिळते : "जातीचं काही नाही हो, जमिनीचा वाद आहे." चावडीवर हेच, पोलीस ठाण्यात हेच. आपल्यातलेही काही शिकलेले लोक समजूतदारपणाचा आव आणून हेच बोलतात. हे साधे दिसणारे वाक्य न्यायालयात पोहोचले की त्याची किंमत काय होते, हे समजून घ्यायचे असेल तर खैरलांजीच्या खटल्याकडे पुन्हा पाहिले पाहिजे. त्या घटनेचा निषेध आपण दरवर्षी करतो, पण त्या खटल्याचा अभ्यास किती जण करतात?

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. गावात बौद्ध घरे बोटांवर मोजण्याइतकी. भय्यालाल आणि सुरेखा भोतमांगे यांची तिथे थोडी शेती होती. त्या शेतातून रस्ता काढण्यावरून गावातील सवर्णांशी वर्षानुवर्षे वाद चालू होता. हे कुटुंब दबत नव्हते, मुलांना शिकवत होते. सप्टेंबर २००६ च्या सुरुवातीला, भोतमांगे कुटुंबाच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या शेजारच्या गावच्या दलित पोलीस पाटलाला मारहाण झाली. सुरेखाताई आणि त्यांची मुलगी प्रियंका साक्ष द्यायला पुढे आल्या. आरोपींना अटक झाली, जामीन मिळाला आणि त्याच दिवशी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, जमावाने सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन या चौघांची हत्या केली. मृतदेह कालव्यात फेकले. भय्यालाल तेवढे वाचले. धम्मक्रांतीच्या सुवर्णमहोत्सवासाठी लाखो लोक नागपूरला निघण्याच्या तयारीत होते, तेव्हाची ही गोष्ट.

पुढे लोक रस्त्यावर उतरले, तपास सीबीआयकडे गेला. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयात अकरा जणांवर खटला चालला. १५ सप्टेंबर २००८ रोजी आठ जण दोषी ठरले, तिघे सुटले. २४ सप्टेंबरला सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली गेली. त्या दिवशी अनेक वस्त्यांत समाधान व्यक्त झाले. पण त्याच निकालात अॅट्रॉसिटी कायद्याखालील आरोप सिद्ध झाले नाहीत असे म्हटले होते, आणि विनयभंगाचा आरोपही टिकला नव्हता. फाशीच्या बातमीखाली ही बातमी दबली.

प्रकरण अपिलात गेले. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने खुनाची दोषसिद्धी कायम ठेवली, मात्र फाशी रद्द करून २५ वर्षांचा कारावास दिला. हत्याकांड सूडातून घडले, जातीवरून नव्हे, ही भूमिका तिथेही कायम राहिली.

लोकांचा संताप फाशी रद्द झाल्यावर केंद्रित झाला. तो संताप समजण्यासारखा आहे. पण आम्हाला वाटते, आपले खरे नुकसान तिथे झाले नाही. फाशीबद्दल बाबासाहेबांचे मत स्पष्ट होते. जून १९४९ मध्ये संविधान सभेत फौजदारी अपिलांवरच चर्चा चालू असताना, मृत्युदंडच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत पडेल, असे ते म्हणाले होते. आपले नुकसान झाले ते दुसऱ्या मुद्द्यावर : चार बौद्धांच्या हत्येच्या नोंदीतून जात पुसली गेली.

‘सूड’ म्हणजे काय? सूड कशाचा? साक्ष दिल्याचा. दलित स्त्रीने गावातल्या वरचढांविरुद्ध साक्ष देणे, हाच गुन्हा ठरला. जमिनीचे दोन मालक एकाच जातीचे असते तर बांधावरून भांडण झाले असते, कदाचित डोकीही फुटली असती. पण चौघांना मारून टाकण्याइतकी हिंमत कुठून आली? ती हिंमत जातीने पुरवली.

इतिहास काय सांगतो? या देशात जमीन आणि जात कधी वेगळ्या होत्या? महार वतनाची जमीन ही गावकीच्या गुलामीची किंमत होती, म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले. १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लोकांनी तुरुंग भरले. आमच्या या भागात वारली आदिवासी वेठबिगारीत आणि लग्नगडी म्हणून सावकार-जमीनदारांच्या दारात राबत होते. १९४५ मध्ये झरीच्या परिषदेपासून ते त्याविरुद्ध उठले, आणि त्याच वर्षी तलवाड्याला त्यांच्यावर गोळीबार झाला. हे सगळे ‘जमिनीचे वाद’च होते. ज्याला जमीन असू नये असे व्यवस्थेने ठरवले, त्याने जमीन धरून ठेवली की वाद होतो. मग त्या वादातून जात वजा कशी करायची?

आता कायद्याकडे. जुन्या कलम ३(२)(५) मध्ये, गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ घडला, हे दाखवावे लागे. याच शब्दांत अनेक खटले अडकत. जमिनीचे, पैशाचे, प्रेमसंबंधाचे दुसरे एखादे कारण दाखवले की जातीचे कारण गळून पडे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तिथे ‘माहीत असताना’ असा बदल केला. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. खेड्यात कोण कोणाला ओळखत नाही? पुढे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पाटण जमाल वली प्रकरणात सांगितले की जात हे अनेक कारणांपैकी एक असले तरी चालते, ते एकमेव कारण असण्याची गरज नाही.

म्हणजे कायदा पुढे आला आहे. आता प्रश्न आपला आहे. अपिलात नवी घटना सांगता येत नाही. न्यायमूर्तींसमोर असतो तो खालच्या न्यायालयातला कागद, आणि त्या कागदाची सुरुवात होते पहिल्या फिर्यादीपासून. त्या फिर्यादीत जातीवरून दिलेली शिवी आली नाही, जुनी धमकी आली नाही, बहिष्कार आला नाही, तर दहा वर्षांनी नागपूर किंवा मुंबईत कितीही मोठा वकील उभा केला तरी तो काय दाखवणार?

म्हणून कार्यकर्त्यांनी काही गोष्टी पाठ करून ठेवल्या पाहिजेत. जमिनीचा वाद सुरू होताच प्रत्येक धमकीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सातबारा, फेरफार आणि जातीचा दाखला एकत्र ठेवा. घटना घडली की फिर्याद वाचून घेतल्याशिवाय सही करू देऊ नका. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे का, ते पहा. कलम १५-अ नुसार जामिनापासून शिक्षेपर्यंत पीडितांना म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, तो वापरा. आरोपी सुटला किंवा कमी गुन्ह्यात दोषी ठरला तर पीडिताला स्वतः अपील करता येते. हा हक्क ३१ डिसेंबर २००९ पासून आला, भंडाऱ्याच्या निकालानंतर. भय्यालाल यांना निकालाच्या दिवशी तो नव्हता. आज तो प्रत्येक पीडिताला आहे.

भय्यालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी गेले. ते न्याय मागत गेले. त्यांच्या नावाने मेणबत्त्या लावायच्या तर जरूर लावा. पण तुमच्या तालुक्यात आज जमिनीवरून दबावाखाली असलेले एक तरी कुटुंब असेल. उद्या त्यांच्या घरी जा आणि पहिला अर्ज लिहून द्या. त्या अर्जात जातीचा उल्लेख करायला लाजू नका.

जय भीम!