ग्रामनामांची रूपे आणि इंग्लंडमधील पॅरिश-नोंदवह्या

इंग्लंडमधील सामान्य शेतमजुराचे नाव ऐतिहासिक साधनांत बहुधा तीनच प्रसंगी येते : बाप्तिस्मा, विवाह आणि दफन. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला या तिहींची नोंदवही ठेवण्यास फर्माविले. १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरविण्याचा हुकूम झाला. विशेषतः एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या नोंदी उतराव्यात, या त्यातील शब्दांचा आधार घेऊन कित्येकांनी १५५८ पूर्वीची पाने सोडून दिली. अनेक नोंदवह्या नेमक्या त्याच वर्षी सुरू होतात, त्याचे कारण हे.

खरी अडचण पुढेच आहे. नॉरफक परगण्यात गावाचे नाव लिहावयाचे कॉस्टेसी आणि उच्चारावयाचे कॉसी. लेखी वायमंडम बोलण्यात विंडम होते. हॅपिसबर्गचा उच्चार तर हेझ्‌बरो असा होतो. जन्माचे पॅरिश प्रथम १८५१ च्या जनगणनेत विचारले गेले. निरक्षर कुटुंबाचा तक्ता गणकच भरी, आणि कानावर पडले ते लिही. अशा स्थळी लेखनभेदाला चूक म्हणून बाजूला सारणे अयोग्य होय. तो बोलीचा पुरावा आहे. उलट सटन, नॉर्टन ही नावे तर इतक्या गावांना आहेत की अक्षरशः जुळणारे नावही काहीच सिद्ध करीत नाही.

या बाबतीत दारिद्र्य हेच अभ्यासकाच्या उपयोगी पडते. १६६२ च्या कायद्यान्वये निराधाराच्या पोषणाचा भार त्याच्या हक्काच्या पॅरिशवर पडे. त्यामुळे ते गाव कोणते, यावरून दोन पॅरिशे न्यायालयात भांडत. मॅजिस्ट्रेटपुढील जबानीत मनुष्य कोठे जन्मला, कोणाकडे वर्षभर चाकरीस होता, हे येते; खाली सहीऐवजी फुली असते. पाद्र्याला जे नाव मोघम लिहून चालत होते, ते येथे भाकरीचा प्रश्न असल्याने नेमके लिहावे लागे.

तरीही एकाच नावाचे दोन बाप्तिस्मे आढळतात. मग बहुतेक वंशावळीकार जवळच्या गावातील मूल निवडतात आणि मागे मागे जात राहतात. त्याच गावाचे दफनाचे पान मात्र क्वचितच उलटले जाते. ते उलटावे, तर निवडलेले मूल वर्षाच्या आतच पुरले गेल्याचे कधी कधी दिसून येते.