संकेतार्थ
एक गोष्ट घडली असती तर दुसरीही घडली असती, असा अर्थ दाखवणारे क्रियापदाचे रूप. ‘पाऊस वेळेवर आला असता, तर नागऱ्यातली धानाची रोवणी आटोपली असती’ या वाक्यात पाऊस लांबला आणि रोवणीही राहिली, हे नकाराचा एकही शब्द न वापरता कळते. या रूपाचे खरे सामर्थ्य हेच. ‘पाऊस आला, तर रोवणी होईल’ यात शक्यता खुली राहते, म्हणून तिथे संकेतार्थ नाही. मराठीत दोन्ही उपवाक्ये हेच रूप घेतात; ‘जर’ सहज गळते. इंग्रजीत अट अवास्तव असेल, तर ‘आय’पुढेही ‘वॉज’ऐवजी ‘वेअर’ येते आणि मुख्य वाक्यात ‘वुड’. ‘इफ आय वेअर’ विद्यार्थ्यांना चुकीचे वाटते, पण ते शुद्धच आहे.