मूलग्रंथींतील जनुकनियमन

शेंगावर्गीय वनस्पती व रायझोबियम गटातील जिवाणू यांच्या सहजीवनात दोघांचीही जनुके परस्परांच्या संकेतांनुसार चालू वा बंद होण्याची व्यवस्था. मुळांवरच्या गाठींतून पिकाला हवेतील नत्र मिळते, हे हेलरिगेल व विल्फार्ट यांनी १८८०च्या दशकात दाखवले. त्यामागील जनुकांचा उलगडा मात्र शंभर वर्षांनी सुरू झाला.

जमिनीत नत्र कमी असले की मुळांतून फ्लॅव्होनॉइडे ही रसायने पाझरतात. सोयाबीनमध्ये ती प्रामुख्याने जेनिस्टीन व डेडझीन असतात. योग्य फ्लॅव्होनॉइड मिळताच जिवाणूतील नॉड-डी हे प्रथिन नॉड जनुके चालू करते. या जनुकांची विकरे ‘नॉड-घटक’ बनवतात. कायटिनसारखी आखूड शर्करासाखळी व तिला जोडलेले मेदाम्ल अशी त्याची घडण १९९०मध्ये लसूणघासाच्या जिवाणूत प्रथम उलगडली. यजमान कोण, हे साखळीवरच्या बारीकसारीक जोडण्या ठरवतात. याच जिवाणूचे नॉड-एच जनुक बिघडले, तर साखळीवर सल्फेट चढत नाही. मग लसूणघास त्याला दाद देत नाही, उलट एरवी न जुमानणाऱ्या व्हेच या शेंगावर्गीय वनस्पतीच्या मुळांवर गाठी येतात.

केशमुळांवरील ग्राही प्रथिनांनी नॉड-घटक ओळखला की पेशीकेंद्रकात कॅल्शियमची पातळी ठरावीक लयीत वरखाली होते. ही लय वाचणारे एक कायनेज (प्रथिनांना फॉस्फेट जोडणारे विकर) पुढे ‘निन’ हे गाठ घडवणारे मुख्य जनुक जागे करते. यातला बराचसा मार्ग वनस्पतींनी मायकोरायझा बुरशीशी असलेल्या कितीतरी जुन्या सहजीवनातून उचललेला आहे.

गाठीत खरी अडचण ऑक्सिजनची. त्याने नत्र स्थिर करणारे नायट्रोजिनेज हे विकर निकामी होते, पण जिवाणूच्या श्वसनाला तो लागतोच. वनस्पतीचे लेगहिमोग्लोबिन तो धरून ठेवते आणि बेताबेताने पुरवते. कार्यक्षम गाठ नखाने फोडली की आत दिसणारा गुलाबी रंग त्याचाच. मोकळा ऑक्सिजन घटला की लसूणघासाच्या जिवाणूतील फिक्स-एल या प्रथिनाच्या हीमवरून तो सुटतो, फिक्स-एल हे फिक्स-जे या दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट देते आणि त्यातून नायट्रोजिनेज घडवणारी निफ जनुके चालू होतात.

गाठी पोसायला पिकाची साखर खर्च होते, म्हणून त्यांच्या संख्येवर लगाम वनस्पतीचाच असतो. ‘निन’मुळे मुळांत तयार झालेली छोटी पेप्टाइडे पानांकडे जातात, तेथील ग्राहीने ती ओळखली की नव्या गाठी थांबतात. हा ग्राही बिघडलेल्या सोयाबीनची मुळे गाठींनी लगडतात आणि झाड खुरटते. जमिनीतील नायट्रेटही गाठी रोखते. त्यामुळे बियाण्याला रायझोबियम संवर्धन चोळूनही वर जमिनीत नायट्रेट बनणाऱ्या युरियाचा मारा केल्यास सोयाबीन वा हरभऱ्यावर गाठी कमीच धरतात.