पासवर्ड दोनदा कशासाठी?

संकेतस्थळावर नवे खाते उघडताना पासवर्ड लिहिला, की खालच्या चौकटीत तोच पुन्हा लिहावा लागतो. या दुसऱ्या चौकटीमुळे खाते अधिक सुरक्षित होते, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तिचे काम टंकनातील चूक पकडण्याचे असते. पासवर्डची अक्षरे पडद्यावर ठिपक्यांच्या रूपात दिसतात. त्यामुळे एखादी कळ चुकली तरी ते लक्षात येत नाही. तसाच चुकीचा पासवर्ड नोंदला गेल्यास खातेदाराला स्वतःच्याच खात्यात प्रवेश मिळत नाही.

दोन्ही नोंदींची तुलना प्रथम ब्राउजरमध्ये जावास्क्रिप्टच्या साह्याने होते आणि चूक तत्काळ कळते. मात्र जावास्क्रिप्ट बंद करता येत असल्याने तीच तपासणी सर्व्हरवरही करणे आवश्यक ठरते. जुळणी झाल्यावर दुसरी नोंद साठवायची नसते. पहिलीही जशीच्या तशी न ठेवता तिच्यापासून तयार केलेला ‘हॅश’ साठवला जातो. या हॅशवरून मूळ पासवर्ड थेट उलगडता येत नाही.

देवनागरी पासवर्डबाबत आणखी एक अडचण संभवते. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर एका संकेतांकाने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. दोन्ही दिसतात सारखी. संगणकाच्या लेखी मात्र ती भिन्न असतात. म्हणून तुलनेपूर्वी आणि हॅश करण्यापूर्वी मजकूर एकाच रूपात आणावा लागतो.

काही संकेतस्थळे दुसऱ्या चौकटीत मजकूर ‘पेस्ट’ करू देत नाहीत. पहिल्या चौकटीतील चूकच पुन्हा उतरेल, ही त्यामागील भीती. परंतु ठिपक्यांनी झाकलेला पासवर्ड ब्राउजर सहसा ‘कॉपी’ करूच देत नाहीत. या मनाईचा फटका बसतो तो ‘पासवर्ड मॅनेजर’मधून लांबलचक पासवर्ड आणणाऱ्या सावध वापरकर्त्यांना. अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी’ने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत पेस्टची मुभा असावी आणि लिहिलेला पासवर्ड पाहण्याची सोयही असावी, अशी शिफारस आहे.

ही पाहण्याची सोय असेल आणि विसरलेला पासवर्ड ई-मेलद्वारे बदलता येत असेल, तर एकच चौकट पुरेशी ठरते. याउलट, पासवर्ड लावून कूटबद्ध केलेल्या फाइलला असा पर्यायी मार्ग बहुधा नसतो. तेथे एका अक्षराची चूकही सारा मजकूर कायमचा हिरावून घेऊ शकते. अशा ठिकाणी तरी दुसऱ्यांदा लिहिण्याचा कंटाळा करू नये.